शाकाहारी आई-बाबांना नागपुरातल्या स्टार हॉटेलच्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये न्यायचं आहे. काय मागवावं? अंडंही चालत नाही.

नक्की न्या, पण 'अंडंही नको' हे टेबल बुक करतानाच सांगा. फ्रेंच स्वयंपाकात खरी गोम तिथेच आहे. ओनियन सूप दिसायला शाकाहारी, पण पारंपरिक पद्धतीत ते बीफच्या स्टॉकवर, म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेल्या पाण्यावर होतं. इथे कशावर करतात ते विचाराच. कीश (भाजलेला खारा पाय) आणि क्रेम ब्रुले (वर साखरेचा कुरकुरीत थर असलेलं कस्टर्ड) यांत अंडं असतंच. रातातुई मात्र खुशाल मागवा: वांगी, झुकिनी, टोमॅटो, ढोबळी मिरची, ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवलेली. सावजीच्या तर्रीला सरावलेल्या जिभेला ती फार सौम्य वाटेल, म्हणून सोबत गरम ब्रेड आणि लसणाचं बटर घ्या. ब्रेड हातानेच तोडायचा, तीच तिथली रीत. त्यामुळे आई-बाबांचा संकोचही जातो. काटे-चमचे बाहेरच्या बाजूने उचलत आत यायचं, बास.

बिलाचं म्हणाल तर खोलीभाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे, द्यायचा नसेल तर बिनधास्त काढायला सांगा.