टाकळ्याच्या बियांची कॉफी करतात का? आणि नायट्यावर त्या चालतात का?

गगनबावड्याच्या रस्त्याला टाकळ्याला शेंगा लागलेल्या बघितल्या, त्याच्या बियांची कॉफी करतात आणि नायट्याला लावतात हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरं आहे. पण आधी शेंग ओळखा.

टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या 3 जोड्या असतात, टोकाला गोलसर. शेंग बारीक, जवळपास वीतभर, विळ्यासारखी वाकलेली. बी चकचकीत तपकिरी, दोन्ही टोकं तिरकी छाटल्यासारखी. शेजारीच उगवणाऱ्या कासविंद्याला काहीजण रानटाकळा म्हणतात, घोळ तिथंच होतो. त्याच्या पर्णिका टोकदार, 4-5 जोड्या, शेंग चपटी आणि बीही चपटं. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावलीत. यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम होतो. शंका असली तर तोडूच नका.

माझी आजी भुदरगडची. रोपलावणीच्या दिवसांत अंगावर ओली कापडं राहून बायकांच्या कमरेला नायटा उठायचा. आजी मूठभर बिया आंबट ताकात रात्रभर भिजवायची, सकाळी पाट्यावर गंधासारख्या वाटायची आणि लेप लावायची. खाज थांबायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. संस्कृतात टाकळ्याला दद्रुघ्न म्हणतात. दद्रु म्हणजे नायटा. तरीही नायटा पसरत असेल, किंवा आधी कसलं मलम लावून झालं असेल, तर लेपावर दिवस घालवू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडं जा.

आता कॉफी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला शेंगा तपकिरी झाल्या की तडकायच्या आत काढा, उन्हात खडखडीत वाळवा, झोडपून सुपात पाखडा. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजा. बी तडतडायला लागतं, रंग काळपट होतो आणि खरंच कॉफीच्या जवळ जाणारा खमंग वास सुटतो. घाई केली तर वरून करपतं, आत कच्चं राहतं. कच्चं बी चांगलंच सारक असतं, पोट ढिलं होतं. भाजल्यावर तो गुण बराच कमी होतो. म्हणून भाजण्यात हयगय नको. गार झाल्यावर दळून बरणीत भरा. यात कॅफीन नसतं, त्यामुळं रात्रीही चालते. चीन-कोरियातही टाकळ्याच्या आणि त्याच्या अगदी जवळच्या भावंडाच्या भाजलेल्या बियांचा चहा पितात. गरोदर बायकांनी मात्र घेऊ नये, आणि लहान मुलांना मी देत नाही.

कपाला एक लहान चमचा पूड, चिमूटभर सुंठ, पाण्यात चांगली उकळू द्या, मग दूध. गूळ मात्र भांडं खाली उतरवल्यावर घाला, उकळत्या दुधात घातला तर नासतं.