'संमिश्र प्रतिक्रिया' हे आधी खोड

पोरी,

ॲबा या स्वीडिश पॉप बँडच्या 'व्हॉयेज' आल्बमबद्दल श्रोत्यांना काय वाटतं यावरचा तुझा लेख मिळाला. परवा रात्री एकदा वाचला, मग काल दादरला जाताना गाडीत परत वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना कानात 'व्हॉयेज' लावून ठेवला होता, म्हणजे तू काय ऐकून काय लिहिलंयस ते कळेल. सदतीस मिनिटांचा आल्बम, ठाणे-दादर स्लो लोकलला बरोब्बर पुरतो.

लिहिलंयस छान. हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे बराच वेळ कान ओढणार आहे.

पहिलं वाक्य बघ तुझं. "ॲबाच्या पुनरागमनाच्या आल्बमला श्रोत्यांकडून संमिश्र प्रतिक्रिया मिळाल्या." अगं लग्नाच्या पंगतीला पण संमिश्र प्रतिक्रिया मिळतात, कुणी मठ्ठ्याला नाव ठेवतं कुणी जिलेबीला, त्यात सांगण्यासारखं काय आहे. तू चौदा माणसांशी बोललीस, त्यांच्यासाठी वेळ काढलास, फोन केलेस, आणि मग चौदा जणांचं म्हणणं एका पोत्यात भरून तोंड बांधून टाकलंस. ते वाक्य खोड. त्याच्या जागी काय लिहायचं ते मी सांगणार नाही, पण ते पोतं सोडायचं कसं त्याबद्दल थोडं बोलू.

त्यांचा आधीचा आल्बम 'द व्हिजिटर्स' आला नोव्हेंबर १९८१ मध्ये आणि 'व्हॉयेज' आला ५ नोव्हेंबर २०२१ ला. मधे चाळीस वर्षं. या चाळीस वर्षांत त्या चौघांनी मिळून नवा आल्बम काढला नाही, पण लोक काय गप्प बसले होते का, प्रत्येकाने आपापला ॲबा घरी बनवून ठेवला. कुणाचा ॲबा कॅसेटमधला, कुणाचा १९९२ च्या 'ॲबा गोल्ड' सीडीतला म्हणजे सगळी हिट गाणी एकापाठोपाठ, पडेल गाणं एकही नाही, कुणाचा २००८ च्या 'मामा मिया' सिनेमातला, आणि तुझी ती बावीस वर्षांची मैत्रीण म्हणते तिला आधी रील दिसलं मग गाणं कळलं. माझ्या आईचा तर वेगळाच, मी ७८ साली घरात ॲबा ॲबा करायला लागलो तर ती विचारायची कुठले रे आबा, कोपरगावचे? म्हणजे नवा आल्बम आला तेव्हा प्रत्येकाने तो आपल्या घरातल्या ॲबाच्या शेजारी उभा करून उंची मोजली. तुझ्या लेखात प्रत्येकाने किती मार्क दिले ते आहे, कशाशी मोजून दिले ते कुठेच नाही. ते विचारायला हवं होतंस.

मडगावच्या त्या बेसवाल्या काकांचंच घे. तू लिहिलंस "त्यांना आल्बम कंटाळवाणा वाटला". पण खाली तुझ्याच नोंदीत त्यांचे शब्द आहेत की "नाचायला कायच नाय". हे दोन वेगळे झाले की नाही? त्या माणसाने वर्षानुवर्षं गोव्यात लग्नाच्या रिसेप्शनला वाजवलंय, ॲबा म्हणजे त्याच्यासाठी फ्लोअर भरवायचं हत्यार, गाणं सुरू झालं की काकू लोक पण खुर्ची सोडून उठल्या पाहिजेत. त्या हिशोबाने तो शंभर टक्के बरोबर आहे. 'डोन्ट शट मी डाउन' आहे, 'नो डाउट अबाउट इट' आहे, आणखी एखादं धरलं तर ठीक, बाकी आल्बम खुर्चीत बसून ऐकायचा आहे. त्याची तक्रार धंद्यातल्या माणसाची तक्रार आहे, ती तशीच्या तशी छाप, त्याच्या गोव्याच्या मराठीसकट.

आता मुख्य घोळ. डोंबिवलीच्या मावशी म्हणाल्या, "बघ, 'जस्ट अ नोशन' ऐक, आवाज अजून तस्साच आहे, वय झालंय असं वाटतच नाही." तू ते लेखात कौतुकाने चौकटीत टाकलंस. पोरी, त्या गाण्यातले आवाज १९७८ चे आहेत! तेव्हा गाऊन झालं होतं, पण पुढच्या आल्बममध्ये घेतलं नाही, कपाटात पडून राहिलं. 'व्हॉयेज'साठी त्यांनी गायकीचा जुना ट्रॅक तसाच ठेवला आणि वाद्यं तेवढी नव्याने वाजवली. म्हणजे मावशींना अठ्ठावीस आणि बत्तीस वर्षांच्या बायका ऐकू आल्या आणि त्यांनी बरोबर ओळखल्या, कान एकदम तयार आहेत त्यांचे, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम तुझं होतं. आता म्हणशील मग ते वाक्य काढून टाकू का. अजिबात नको, ते तर तुझ्या लेखातलं सगळ्यात भारी वाक्य आहे, फक्त त्याच्या पुढे ही १९७८ ची गोष्ट लिही, मावशींची टिंगल न करता लिही, आणि जमलं तर त्यांना फोन करून हे सांग आणि मग त्या काय म्हणतात ते पण लिही. लोकांचं मत म्हणून जे कानावर येईल ते लिहून घेताना गाण्याची जन्मतारीख आधी तपासायची, ही सवय लावून घे, मला स्वतःला ती लागायला फार वर्षं गेली.

आता बाकीच्या नऊ गाण्यांतले आवाज. आल्बम आला तेव्हा ॲबातल्या गाणाऱ्या दोघींपैकी आग्नेथा ७१ ची आणि फ्रीडा ७५ ची. तुझ्या तीन श्रोत्यांनी म्हटलंय "आवाज गेला". मी ऑर्केस्ट्रात की-बोर्डवर दहा-बारा वर्षं काढली, तर याच्यावर मला बोलू दे. वय वाढलं की बायकांचा आवाज खाली उतरतो, हे आपल्याकडे सगळ्या गाणाऱ्यांना माहितीय. आमच्या ऑर्केस्ट्रात एक ताई होत्या, सुरुवातीला काळी पाचच्या पट्टीत गायच्या, मग काळी चार, मग एक दिवस प्रोग्रॅमच्या आधी हळूच म्हणाल्या आज पांढरी पाचला धरा, आणि आम्ही काही न बोलता सगळी गाणी अर्धा सूर खाली घेतली. लोकांना पट्टी बदललेली कळली नाही, काहीतरी बदललंय एवढंच कळलं. 'व्हॉयेज'मध्ये तेच आहे, वरचा तो चमचमणारा भाग, ज्यात दोघींचे आवाज एकमेकांत मिसळून तिसराच आवाज तयार व्हायचा, तो आता कमी आहे. पण खाली जे आलंय ते पूर्वी नव्हतं. 'आय स्टिल हॅव फेथ इन यू'ची सुरुवात फ्रीडा जवळजवळ बोलल्यासारखी करते, घाई नाही काही नाही. तर त्या तिघांना परत विचार, आवाज गेला म्हणजे नक्की काय गेलं, वरचा सूर गेला की दम गेला की गोडवा गेला. लोकांना नीट विचारलं तर ते फार अचूक सांगतात, आपणच आधी वही मिटतो.

मग तो "जुनाट" शब्द. तुझ्या लेखात चार वेळा आलाय, दोनदा शिवी म्हणून आणि दोनदा कौतुक म्हणून, आणि तुझ्या ते लक्षातच आलेलं नाही! लंडनच्या एका मोठ्या पेपरात पाचपैकी दोन तारे देणारी समीक्षा आली होती आणि इतर ठिकाणी चार-चार तारे देणारेही होते, आणि गंमत म्हणजे दोघांचं निरीक्षण एकच, की हे लोक १९८२ नंतरचं जग घडलंच नाही अशा थाटात वाजवतायत. ॲबातल्या दोघा पुरुषांनी, बेनी आणि ब्यॉर्नने, स्टॉकहोममधल्या बेनीच्या स्टुडिओत हे केलं, नव्या जमान्याचा कुणी प्रोड्यूसर बोलावला नाही, पाहुणा रॅपर नाही, काही नाही. त्यामुळे एकाच पियानोच्या तुकड्यावर एक जण म्हणतो जुनाट आणि दुसरा म्हणतो हाश्श, घरी आलो. ही दोन वाक्यं तुझ्या लेखात दोन टोकांना पडलीयत, ती शेजारी शेजारी आण.

(जाता जाता, तुझ्या बाबांना विचार, 'हम किसीसे कम नहीं'मधलं 'मिल गया हम को साथी' आणि ॲबाचं 'मामा मिया' गाणं एकापाठोपाठ ऐकलंयत का. १९७७ चा सिनेमा, पंचमदा. आमच्या पिढीत निम्म्या लोकांनी ॲबा ऐकायच्या आधी ॲबा ऐकला होता तो असा.)

गाण्याच्या शब्दांवर तू फक्त दोन ओळी लिहिल्यास, तिथे मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली. ही दोन जोडपी होती गं. आग्नेथा-ब्यॉर्न, फ्रीडा-बेनी. दोन्ही घटस्फोट १९८० च्या आसपासचे, आणि त्याच काळात ब्यॉर्न शब्द लिहितोय आणि आग्नेथा ते गातेय. आता सत्तरीत परत तेच लोक, आणि गाणी कसली तर 'कीप ॲन आय ऑन डॅन', म्हणजे वेगळी झालेली आई मुलाला वीकेंडपुरतं त्याच्या बापाकडे सोडते आणि गाडीत जाऊन रडते. शेवटी पियानोवर 'एसओएस'ची सुरावट येते, १९७५ च्या त्यांच्याच गाण्याची, ऐकलीस का? नसेल तर आत्ता ऐक, शेवटचे काही सेकंद. तुझ्या पंचवीशीच्या आतल्या श्रोत्यांनी हे गाणं "ओके" म्हणून सोडलं आणि पन्नाशीच्या वरच्या दोन बायकांनी नेमकं हेच गाणं काढलं. त्यातली एक म्हणाली "हे मला ऐकवत नाही, पुढचं लाव". तू ते नापसंती म्हणून मोजलंस. मला नाही तसं वाटत. पण तिला याच्यापुढे खोदून विचारायला जाऊ नकोस हं, काही गोष्टी माणूस जेवढ्या सांगतो तेवढ्याच लिहायच्या.

उलट 'लिटल थिंग्ज', लहान मुलांच्या कोरससकट नाताळच्या सकाळचं गाणं, त्याला तुझ्या चौदांपैकी नऊ जणांनी नाक मुरडलं आणि मीही मुरडतो, यावर जास्त शाई घालवू नकोस.

आकडे. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात दोन लाखांच्या वर आल्बम गेला आणि पहिला नंबर आला, अमेरिकेत दुसरा नंबर, जो त्यांना तिथे ऐन भरात असताना पण मिळाला नव्हता (तेव्हाचं सगळ्यात वरचं स्थान चौदावं). ग्रॅमीचं नॉमिनेशन आयुष्यात पहिल्यांदा मिळालं ते पण याच वेळी. हे तू "म्हणजे श्रोत्यांना आल्बम आवडला" असं जोडून टाकलंस. अगं पहिल्या आठवड्यात विकत घेणाऱ्याने आल्बम ऐकलेला कुठे असतो? त्याने चाळीस वर्षांची उधारी फेडली. आवडला का हे कळायला त्याच्याकडे सहा महिन्यांनी जायला पाहिजे, आणि तू तर चार वर्षांनी गेलीस, हा तुझा मोठा फायदा आहे, तो वापर. "शेवटचा कधी लावला होता?" हा एक प्रश्न चौदाही जणांना विचार, पुष्कळ मतं तिथल्या तिथे बदलतील बघ.

तुझा लंडनचा मित्र मात्र वेगळा ठेव. त्याने आल्बम आधी ऐकलाच नाही, तो ऑलिंपिक पार्कातला शो बघायला गेला, मे २०२२ पासून चालू आहे तो, पडद्यावर १९७९ च्या चेहऱ्याचे डिजिटल ॲबा आणि खाली खराखुरा बँड. तिथे या आल्बममधली दोन गाणी आहेत. म्हणजे त्याने तिशीतल्या चेहऱ्यातून सत्तरीतला आवाज ऐकला, आणि तो म्हणतो "आवाजात काही फरक जाणवला नाही". डोंबिवलीच्या मावशी आणि हा, दोघांचं वाक्य जवळपास एकच आहे आणि कारण बरोब्बर उलटं आहे. माझ्या हातात हा लेख असता तर मी याच्यावरच सुरू केला असता. पण लेख तुझा आहे.

माझं मत विचारलंयस तर सांगतो. २ सप्टेंबर २०२१ ला दोन गाणी आधी सोडली तेव्हा मी पहिलं, 'आय स्टिल हॅव फेथ इन यू', अर्धवट बंद केलं होतं. लॉकडाउन नुकता उठत होता, आमच्या ऑर्केस्ट्रातले दोन जण त्या काळात गेले होते, आणि मला काहीतरी धडाधड उडतं हवं होतं, हे काय स्लो लावलंय असं वाटलं. एका मित्राला "संपले हे लोक" असं ठासून सांगितलं पण. मग महिनाभराने किचनमध्ये चहा टाकताना बायकोने लावलं होतं, शेवटी ड्रम्स येतात आणि दोघी एकत्र गायला लागतात तिथे चहा उतू गेला माझा. तेव्हा माझं कुठलं मत खरं धरायचं? तू मला सप्टेंबरात विचारलं असतंस तर मी नापसंतीच्या रकान्यात गेलो असतो, आणि खोटं बोलत होतो असंही नाही.

तर आता असं कर. नव्याने चौदा जणांना छळू नकोस, चौघांनाच परत फोन कर, मावशी, बेसवाले काका, लंडनवाला आणि "आवाज गेला"वाल्यांपैकी कुणीतरी एक. बाकीच्यांची एकेक ओळ पुरे. शब्द हजारच्या वर जाऊ देऊ नकोस, मी स्वतः या पत्रात पाळलेलं नाही तरी. आणि सर म्हणणं सोड आता, काका चालेल. रविवारी संध्याकाळी घरी असतो, वही घेऊन ये, आणि माझी ती कॅसेट घेऊन गेलीयस मार्चमध्ये, तीही आण, टेप तुटली असेल तरी चालेल, चिकटवता येते.

तुझा,
काका