लिस्बनमध्ये नोंदलेला जन्म आणि डिचोलीतलं मत

ताई,

तुमचं पत्र मोठं आहे. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्यातला गाभा आधी मांडते.

तुमचे वडील १९५५ साली, पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात, डिचोलीत जन्मले. २००८ मध्ये त्यांनी एका एजंटामार्फत स्वतःचा जन्म, लग्न आणि मग तुम्हा दोघा भावंडांचे जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदवून घेतले. भावाला तेव्हा अठरा पूर्ण झाली होती, तुम्ही सोळा वर्षांच्या होता. विसाव्या वर्षी वडील तुम्हाला पणजीच्या पोर्तुगीज वकिलातीत घेऊन गेले आणि तिथे तुम्ही ओळखपत्राच्या अर्जावर सही केली. पोर्तुगीज पासपोर्ट तुम्ही कधी काढला नाही, गोव्याबाहेर संसार थाटला नाही. भावाने मात्र २०१४ मध्ये तो पासपोर्ट घेतला आणि इंग्लंड गाठलं. त्याने भारतीय पासपोर्ट परत केला नाही आणि नंतर दोनदा त्याच पासपोर्टवर तो गावी येऊन गेला. आता तुम्ही पंचायतीला उभं राहायचं ठरवल्यावर कुणीतरी मतदार यादीतून तुमचं नाव काढण्यासाठी अर्ज दिला आहे. ‘ती पोर्तुगीज आहे’ हे त्याचं कारण. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारता, ‘मग मी नक्की कोण?’

आधी तातडीचं. आजच्या घडीला तुम्ही भारतीय नागरिक आहात आणि तुमच्या तालुक्यातला कोणताही अधिकारी याउलट ठरवू शकत नाही. एखाद्या भारतीयाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं का, केव्हा आणि कसं, हा प्रश्न उपस्थित झाला तर त्याचा निर्णय फक्त केंद्र सरकार देतं. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ च्या दुसऱ्या पोटकलमात ही तरतूद आहे. राजीव गांधींनी इटलीचं नागरिकत्व घेतलं असा आरोप करून त्यांच्या निवडीला आव्हान दिलं गेलं होतं. तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली हेच सांगितलं की आधी केंद्राचा निर्णय हवा, निवडणूक याचिकेत न्यायालय स्वतः हा प्रश्न सोडवत बसणार नाही. जो नियम पंतप्रधानांना, तोच पंचायतीच्या उमेदवाराला. शिवाय लालबाबू हुसेन खटल्यात १९९५ साली न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की यादीत आधीपासून असलेलं नाव संशयावरून उडवता येत नाही. नोटीस द्यावी लागते, कागद दाखवावे लागतात, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा मतदार नोंदणी अधिकाऱ्याची नोटीस आली की दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प बसू नका.

पण एवढ्याने तुमची काळजी मिटणार नाही, कारण उद्या केंद्र खरोखरच विचारेल. तेव्हा काय उत्तर द्यायचं हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. हा गुंता तुमच्या वडिलांनी तयार केलेला नाही. तो दोन राज्यसत्तांनी तयार केला आहे.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जी व्यक्ती, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कुणी या प्रदेशात जन्मलं होतं, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानली गेली. ज्याला हे नको असेल त्याने एका महिन्याच्या आत लेखी तसं कळवायचं होतं. सहा वर्षांच्या तुमच्या वडिलांसाठी कुणी काही कळवलं नाही, म्हणून ते भारतीय झाले. ज्यांनी कळवलं ते आपल्याच भूमीत परदेशी ठरले. रेव्हरंड मोंतेरो यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखलं. पुढे निवासाची परवानगी संपल्यावरही ते गोव्यात राहिले म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम ठेवली. जन्मभूमी एक आणि राष्ट्रीयत्व दुसरं असू शकतं, हे त्या निकालाने गोव्याला फार कठोरपणे दाखवून दिलं.

पुदुच्चेरीत असं घडलं नाही. तिथे फ्रान्स आणि भारत यांनी करार करून लोकांना निवडीसाठी सहा महिने दिले, आणि कोण कुठला हे दोन्ही देशांनी मिळून मान्य केलं. गोव्यात एक महिना, तोही एकट्या भारताच्या आदेशाने. पोर्तुगाल तर तेव्हा गोवा गेलाच नाही असं म्हणत होतं. भारताचं सार्वभौमत्व त्यांनी मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर. त्यामुळे एकाच माणसाला भारत ‘आमचा’ म्हणत राहिला आणि पोर्तुगालही ‘आमचा’ म्हणत राहिलं. पोर्तुगालच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार पोर्तुगीज आई किंवा वडिलांच्या परदेशात जन्मलेल्या अपत्याचा जन्म तिथल्या नागरी नोंदवहीत घातला की ते अपत्य पोर्तुगीज होतं, आणि तेही जन्मापासून. म्हणून तुमचे वडील एजंटाला म्हणाले असतील तसं, पोर्तुगालच्या दृष्टीने त्यांनी नवीन काहीच घेतलं नाही, जे होतं त्याची नोंद केली.

भारतीय कायदा मात्र पोर्तुगालच्या नजरेने पाहत नाही. आपल्या कलम ९ चा प्रश्न एवढाच आहे की भारतीय असताना तुम्ही ‘स्वेच्छेने’ दुसरं नागरिकत्व मिळवलं का. मिळवलं असेल तर भारतीयत्व त्याच क्षणी आपोआप संपतं, कुणी आदेश काढावा लागत नाही. तुमची सगळी बाजू या स्वेच्छेवर उभी आहे. सोळाव्या वर्षी वडिलांनी परस्पर केलेली नोंद ही तुमची स्वेच्छा नाही. कायद्याने अल्पवयीन असलेल्या मुलीची इच्छा तिच्या वडिलांच्या सहीत शोधता येत नाही, असं माझं ठाम मत आहे आणि मी ते कोणत्याही अधिकाऱ्यासमोर मांडेन.

विसाव्या वर्षीची सही मात्र नाजूक आहे. तुम्ही पत्रात ती एका ओळीत उरकली आहे. मला तीच सगळ्यात जास्त खटकते. सज्ञान झाल्यावर पोर्तुगीज नागरिकाचं ओळखपत्र मागणं म्हणजे वडिलांनी केलेली नोंद तुम्ही मान्य केली, असा युक्तिवाद समोरून होणार. त्याला उत्तर आहे. नागरिकत्व नियम, २००९ च्या तिसऱ्या अनुसूचीत फक्त परदेशी पासपोर्ट हा निर्णायक पुरावा मानला आहे. तो एकदा घेतला की पुढे वादच नाही, आणि जुन्या नियमांतली हीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली इझहार अहमद खान खटल्यात वैध ठरवली होती. ओळखपत्राला ते वजन नाही. इतर बाबतींत सरकार तुमचा हेतू बघतं, तुम्ही त्या देशात कायमचं घर केलं का हे बघतं. तुम्ही डिचोलीतच राहिलात, इथेच नोकरी केलीत, इथेच कर भरलात. पण लक्षात ठेवा, एकदा केंद्राने विचारणा केली की सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो. म्हणून शाळेचे दाखले, पगाराच्या पावत्या, बँकेची पुस्तकं, भारतीय पासपोर्टची पानं, जे जे इथलं वास्तव्य दाखवतं ते आजपासून जमवा. लिस्बनच्या नोंदीची प्रमाणित प्रतही मागवा. तीवर तारीख आणि अर्ज कुणी केला ते दिसतं, आणि तुमच्या बाजूचा तोच पहिला पुरावा आहे.

ती ओळखपत्राची बाब लपवू नका. वकिलातीतला कागद आज ना उद्या बाहेर येतो. मग सहीपेक्षा लपवाछपवीचीच शिक्षा मोठी होते. राष्ट्रीयत्वाची माहिती दडवून भारतीय पासपोर्ट मागणं हा पासपोर्ट कायद्याखाली कैदेचा गुन्हा आहे. तेव्हा नूतनीकरणाच्या अर्जावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

तुम्ही असंही विचारलं आहे की वकिलातीत जाऊन पोर्तुगीजपण सोडल्याचं लिहून दिलं तर सगळं मिटेल का. घाई करू नका. दुसऱ्या देशाचा नागरिक असलेल्यालाच पोर्तुगीज कायदा राष्ट्रीयत्व सोडू देतो. म्हणजे तिथे तुम्ही ‘मी भारतीय आहे’ म्हणणार, आणि त्याच कागदावर ‘मी आजवर पोर्तुगीज होते’ हेही कबूल करणार. इथे केंद्राने उद्या ‘तुमचं भारतीयत्व २०१२ सालीच संपलं’ असं ठरवलं, तर तुम्ही कुठल्याच देशाच्या राहणार नाही. आधी इथला निर्णय, मग तिथला त्याग, हा क्रम मोडू नका. तोवर ते ओळखपत्र नूतनीकृत करू नका, वापरू नका, आणि ‘एकदाच जाऊन येते’ म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट तर अजिबात काढू नका.

निवडणुकीचं म्हणाल तर यादीत नाव आहे तोवर उभं राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. तरी माझा सल्ला आहे की ही निवडणूक सोडा. निवडून आलात आणि केंद्राचा निर्णय विरुद्ध गेला तर पद जाईलच, शिवाय आज अजाणतेपणी घडलेली गोष्ट उद्या खोटं प्रतिज्ञापत्र म्हणून समोर येईल. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तुमच्या वाड्यावरच्या पाण्याच्या योजनेबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे ते वाचून असं कुणीतरी पंचायतीत असावं असंच वाटलं.

आता भाऊ. त्याच्याबाबतीत वाद नाही. पासपोर्ट घेतला त्या दिवसापासून, कदाचित त्याआधीच, तो भारतीय राहिला नाही. भारतीय पासपोर्टवर त्याने केलेले दोन्ही प्रवास बेकायदा आहेत. पुन्हा तसं येऊ नये. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे पासपोर्ट जमा करून दंड भरावा आणि मतदार यादीतलं नाव स्वतःहून कमी करून घ्यावं. त्याच्या कागदांत एक गाठ आहे. लिस्बनची नोंद २००८ ची, आणि त्याचा शेवटचा भारतीय पासपोर्ट २०११ चा. अशा गोवेकरांचे पासपोर्ट ‘माहिती दडवून मिळवले’ म्हणून २०२२ च्या अखेरीपासून स्वीकारण्याऐवजी रद्द होऊ लागले. मग पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून ओसीआय कार्डही (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना इथे येण्या-राहण्यासाठी मिळणारं कार्ड) अडलं आणि कित्येक घरांत माणसं टांगणीला लागली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने सवलत दिली की रद्द केल्याचं प्रमाणपत्रही ओसीआयसाठी चालेल. भावाने तीच वाट धरावी. ओसीआय मिळाल्यावर तो हवं तेव्हा येऊ शकेल, वडिलार्जित घरातला वाटा ठेवू शकेल. मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. कधी कायमचं परतायचं झालं तर पूर्वी भारतीय नागरिक असलेल्याला बारा महिने इथे राहून कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज करता येतो. तो मंजूर करणं सरकारच्या हाती असतं.

‘मी नक्की कोण’ याचं अर्धं उत्तर भावाच्या याच कार्डात आहे. ओसीआयच्या कलमात एक वर्ग असा आहे की जो आज दुसऱ्या देशाचा नागरिक आहे, पण १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशाचा होता. म्हणजे गोव्याचा, दमणचा, पुदुच्चेरीचा. त्याची मुलं, नातवंडं, पतवंडंही त्यात येतात. नागरिकत्व संपल्यावरही कायदा मूळ पुसत नाही. तुमचे खापरपणजोबा नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी गोव्यात मागाहून जिंकलेल्या मुलखातले. पोर्तुगीज रिपब्लिक १९१० साली आलं तेव्हा कुठे गोव्यातल्या हिंदूंना कागदावर बरोबरीचे हक्क मिळाले. म्हणजे तुमच्या घराण्याने डिचोली न सोडता पोर्तुगीज प्रजा, पोर्तुगीज नागरिक आणि भारतीय नागरिक या तिन्ही अवस्था पाहिल्या. घरची मराठी, अंगणातली कोंकणी, देवळातला मान यांतलं काहीच त्या बदलांनी हललं नाही. राष्ट्रीयत्व सरकार ठरवतं, ते तुम्ही पाळायला हवं. गोंयकारपण ठरवण्याचा अधिकार ना लिस्बनला आहे, ना दिल्लीला, ना तुमच्याविरुद्ध अर्ज देणाऱ्याला. तुम्हाला ‘पोर्तुगीज’ म्हणून हिणवणाऱ्यांच्या घरातल्या जुन्या जन्मनोंदीही पोर्तुगीज भाषेतच असतील.

वडिलांवर राग धरला आहे असं तुमच्या पत्रातून जाणवलं. तुमच्या तिघांत कायद्याच्या दृष्टीने तेच जास्त अडचणीत आहेत, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांनी सज्ञानपणी, स्वतःच्या सहीने नोंद केली, त्यामुळे ‘माझी इच्छा नव्हती’ हा बचाव त्यांना नाही. त्यांनी नवं काही मिळवलं नाही, १९५५ पासूनचं नोंदवलं, हा युक्तिवाद त्यांच्यासाठी करता येईल, आणि पासपोर्ट घेतला नसल्याने त्याला थोडी जागाही आहे. त्यांनी आता कोणत्याही एजंटाला भेटू नये आणि कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नये. तुमच्या नोटिशीचं उत्तर तयार करायला बसाल तेव्हा त्यांनाही शेजारी बसवा, आणि २००८ साली एजंटाला दिलेल्या कागदांच्या ज्या काही प्रती त्यांच्या कपाटात असतील त्या सगळ्या बरोबर घ्या.

— तुमची वकील मैत्रीण