भाडे नव्हे, शिल्लक मोज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. शहरातले घर सोडून एखाद्या लहान गावात राहायला जावे का, असे तू विचारले आहेस आणि सोबत दोन्हीकडच्या घरभाड्यांचे आकडेही जोडले आहेस. ते पाहून कोणालाही लगेच सामान बांधावेसे वाटेल. पण केवळ भाडे पाहून निर्णय घेऊ नकोस. महिनाअखेरीस हातात काय उरते ते पाहा, आणि ती शिल्लक टक्क्यांत न मोजता रकमेत मोज, एवढा माझा आग्रह आहे.

तुझा शहरातला पगार १०० भाग धर. त्यातले ४० भाड्यात जातात, ३५ रोजच्या खर्चात, आणि १० अशा गोष्टींत ज्यांची किंमत कुठेही राहिले तरी सारखीच असते: शैक्षणिक कर्जाचा हप्ता, फोन, संगणक, औषधे. उरले १५. आता गावातली नोकरी बघ. पगार ७०, भाडे अवघे १४, रोजचा खर्च २८, ते न बदलणारे १० तसेच, आणि सार्वजनिक वाहतूक पुरेशी नसल्यामुळे स्वतःच्या वाहनावर ८. उरले १०. भाडे जवळजवळ एक तृतीयांशावर आले, तरीही शिल्लक घटली. याच हिशेबात गावातला पगार ७५ झाला की दोन्ही पारडी समान होतात, आणि शहरातली नोकरी गावातल्या घरून करण्याची मुभा मिळून पूर्ण १०० हाती येत राहिले, तर शिल्लक थेट ४० होते. हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. तू तुझे खरे आकडे घाल, पण घरे पाहण्याआधी तो ‘पंचाहत्तरचा’ आकडा स्वतःपुरता काढून ठेव.

भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे, हा नियमही तू लिहिला आहेस. अमेरिकेत सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी १९६९ साली उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ साली ती ३० टक्क्यांवर नेली गेली. या आकड्याला वजन आले ते प्रामुख्याने त्यातून. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठरवलेली ती मर्यादा दोन ठिकाणांची तुलना करायला मात्र अपुरी पडते. वरच्या उदाहरणात गावातले भाडे २० टक्केच आहे आणि शहरातले ४० टक्के, तरी शिल्लक शहरातच जास्त राहते.

मग शहरातले भाडे इतके का असते? धान्य महाग असते म्हणून जमिनीचा खंड वाढतो, खंड वाढला म्हणून धान्य महाग होत नाही, असे डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली मांडले होते. शहरी भाड्याचेही पुष्कळसे तसेच आहे. कमाईच्या संधी जिथे दाट, तिथे राहण्यासाठी माणसे जास्त मोजायला तयार होतात, आणि नवी घरे त्या वेगाने बांधली जात नाहीत. त्यामुळे तुझ्या भाड्यातला मोठा हिस्सा त्या जवळिकीची किंमत असतो, आणि ती जवळीक तू खरोखर वापरतेस का, हा प्रश्न तुला स्वतःला विचारावा लागेल. एकाच व्यवसायातली माणसे एका ठिकाणी जमली की त्यातल्या खाचाखोचा नवख्याला मुद्दाम न शिकवताही कळत जातात, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालीच नोंदवले आहे. तुझे काम जाणत्यांच्या शेजारी बसून शिकण्याचे असेल, तर सुरुवातीची काही वर्षे जड भाडे सोसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण दिवसभर एकटीने पडद्यासमोर बसून तू काम करत असशील आणि सुटीच्या दिवशीही थकून घरातच राहत असशील, तर न वापरलेल्या गोष्टीचे पैसे तू दरमहा भरते आहेस.

दूरच्या उपनगरात राहण्याचा मध्यम मार्ग मला फारसा पसंत नाही. तिथे भाड्यात वाचलेले पैसे प्रवासात जातात आणि वेळ जातो तो वेगळाच.

गावाच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती नोकरी गेली तर काय, याची. शहरात एक दार बंद झाले तर त्याच घरात राहून दुसरे शोधता येते; गावात तुझ्या कामाचा दुसरा मालकच नसेल, तर नोकरीबरोबर घरही बदलावे लागते, आणि शहरात परतताना अनामत रक्कम व सामानाची वाहतूक यांचा खर्च अगदी नको त्या वेळी अंगावर येतो. म्हणून गावात जे वाचेल त्यातून आधी परतीचा हा खर्च आणि शहरातल्या सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम बाजूला काढ.

घर पाहायला सुटीच्या दिवशी जाऊ नकोस. कामाच्या दिवसांत तिथे आठवडाभर राहा. शेवटची बस किती वाजता सुटते, रात्री दवाखाना उघडा असतो का, वीज गेली तर किती वेळाने येते आणि तेवढ्या वेळात इंटरनेट चालते का, हे स्वतः पाहा. घरून काम करण्याची परवानगी लेखी घे, आणि ठिकाण बदलल्यावर पगार कमी होणार नाही ना, हेही त्याच पत्रात स्पष्ट करून घे. मग भाडेकराराकडे वळ. पहिल्या वर्षी नोटिशीची मुदत एक महिन्याहून अधिक मान्य करू नकोस, आणि सही करण्यापूर्वी दोन्ही ठिकाणांचा हिशेब मला पाठव.

तुझ्या पत्राची वाट पाहत आहे.