‘अंशतः बंदिस्त’ आणि ‘अंशतः खुली’ : एकच की दोन?

प्रश्न असा आला आहे : ‘वाऱ्याच्या भारासाठी इमारतींचे “एन्क्लोज्ड”, “पार्शली एन्क्लोज्ड”, “पार्शली ओपन” आणि “ओपन” असे जे चार वर्ग पाडतात, त्यांतल्या मधल्या दोन्हींसाठी एका अनुवादात “अर्धबंदिस्त” हा एकच शब्द योजलेला दिसला. अर्धे बंद म्हणजेच अर्धे उघडे, मग यात चूक काय? शिवाय “एन्क्लोज्ड”ला “आच्छादित” म्हणावे की “बंदिस्त”?’

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे असल्याने ते आधी देतो. ‘आच्छादित’ हा शब्द येथे चालणार नाही, कारण त्यातला ‘छद्’ हा धातू छत्रातही आहे आणि मराठी कानाला आच्छादन म्हटले की वरून घातलेले पांघरूणच आठवते. येथे मात्र प्रश्न मुख्यतः भिंतींचा आहे, आणि डोक्यावर भक्कम छप्पर असूनही एखादी इमारत ‘खुली’ या वर्गात बसू शकते. ‘परिवेष्टित’ अर्थाने निर्दोष आहे, पण ‘वेष्टन’ म्हणजे गुंडाळलेला कागद असे समजणाऱ्या वाचकाला तो परका वाटेल. ‘बंदिस्त’मध्ये चहूबाजूंनी कोंडल्याचा भाव आपोआप येतो आणि येथे नेमका तोच हवा आहे.

पहिल्या शंकेचे तसे नाही. अर्धे लावलेले दार आणि अर्धे उघडे दार ही बोलण्यात एकच गोष्ट असते. परंतु हे चार वर्ग अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनीअर्सच्या ‘एएससीई ७’ या मानकातले आहेत, आणि तेथे अंशतः बंदिस्त इमारतीसाठी अंतर्गत दाबाचा गुणांक (वाऱ्यामुळे इमारतीच्या आत किती दाब येईल हे काढण्यासाठीचा आकडा) ±०.५५ धरतात, तर अंशतः खुल्या इमारतीसाठी ±०.१८, म्हणजे तिपटीच्या आसपास फरक. दोन्हींना एकच नाव देणारा अनुवाद वाचून कोणी छपराचे गणित केले, तर ते कोणत्या बाजूला चुकेल हे केवळ नशिबावर राहील.

एक शेड डोळ्यांसमोर आणू. २० मीटर लांब आणि ५ मीटर उंच, म्हणजे १०० चौरस मीटरची एक भिंत; तिच्यात ४ मीटर रुंद व ४ मीटर उंच असे १६ चौरस मीटरचे कायम उघडे प्रवेशद्वार; बाकीच्या भिंती आणि छप्पर पूर्ण बंद. वारा या भिंतीवर आला की हवा आत घुसते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आतला दाब चढतो, आणि बाहेरून वर ओढल्या जाणाऱ्या छपराला तो आतूनही वर रेटू लागतो. वारा उलट्या दिशेने आला, तर तेच दार आडोशाच्या बाजूला येते आणि आतली हवा बाहेर ओढली जाते. गुणांकामागे अधिक-उणे अशी दोन्ही चिन्हे लावतात ती यासाठीच. ही झाली अंशतः बंदिस्त इमारत. तिची व्याख्या अशी की, वाऱ्याच्या तोंडावरच्या भिंतीतली उघडी जागा इमारतीच्या उरलेल्या सगळ्या उघड्या जागांच्या बेरजेहून १० टक्क्यांपेक्षा जास्त असली पाहिजे, ती ०.३७ चौरस मीटर किंवा त्या भिंतीच्या १ टक्का यांतल्या लहान आकड्यापेक्षाही मोठी असली पाहिजे, आणि उरलेल्या आवरणात, म्हणजे बाकीच्या भिंती व छप्पर यांत, उघड्या जागेचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

आता समोरच्या भिंतीतही तेवढेच दुसरे दार पाडा. दोन्हीकडे १६ चौरस मीटर झाल्याने पहिली अट मोडली. इमारत बंदिस्त म्हणावी, तर उघडी जागा फार. खुली म्हणावी, तर त्यासाठी प्रत्येक भिंत किमान ८० टक्के उघडी लागते. तेव्हा ती अंशतः खुली ठरते आणि गुणांक ०.१८ वर उतरतो. इमारत अधिक उघडी झाली आणि आतला दाब कमी झाला! थोडक्यात, ‘अंशतः बंदिस्त’ या नावामागे किती टक्के बंद हा हिशेब नसून एका बाजूचे वर्चस्व आहे. म्हणूनच ‘अर्ध’ मला येथे मान्य नाही. ‘अर्धवट’मध्ये तो नेमका निम्मा नसतो हे खरे, पण तांत्रिक शब्दात तो निम्म्याचीच आठवण करून देईल. अगदी नवा शब्द घडवायचा असता, तर मी ‘एकतर्फी खुली’ सुचवले असते. मुळाशी नाते राखायचे असल्याने ‘अंशतः’ ठेवावे आणि पुढच्या शब्दाची अदलाबदल होऊ देऊ नये.

हा घोळ इंग्रजीतही होता. ‘अंशतः खुली’ हा वर्ग २०१६च्या आवृत्तीत आला. त्याआधी जी इमारत खुलीही नाही आणि अंशतः बंदिस्तही नाही, ती सगळी ‘बंदिस्त’ अशी व्याख्या होती, त्यामुळे आमची दोन दारांची शेडसुद्धा कागदोपत्री बंदिस्तच ठरे. भारतीय मानक आयएस ८७५च्या तिसऱ्या भागाने असली नावे न देता भिंतीतल्या उघड्या जागेचे प्रमाण धरले आहे : ५ टक्क्यांपर्यंत ±०.२, ५ ते २० टक्के ±०.५ आणि त्याहून अधिक असल्यास ±०.७. अनुवादकाला ते सोयीचे आहे, कारण आकड्यांचा अनुवाद करावा लागत नाही.

‘ओपन’साठी ‘खुली’च बरी. ‘मोकळी इमारत’ म्हटले की तिच्यात कोणी राहत नाही असे वाटते, आणि ‘उघडी इमारत’ म्हटले की कोणी कुलूप लावायला विसरला असे. जिथे संदिग्धता राहील, तिथे ‘बाजूंनी खुली’ असे लिहावे. ‘ओपनिंग’ला मात्र चांगला शब्द सापडत नाही : ‘छिद्र’ फार लहान, ‘भगदाड’ अपघाताने पडलेले, आणि ‘उघडीप’ पावसाने आधीच अडवून ठेवलेली. मी ‘उघडी जागा’ वापरतो, पण व्याख्या सोबत देतो, कारण मानकाच्या लेखी भर वाऱ्यातही जी उघडीच राहील असे धरून आराखडा केला आहे तीच उघडी जागा. वादळात लावून घेतली जाणारी, वाऱ्याचा मारा सोसणारी खिडकी त्यात मोजत नाहीत.