कुपीतला विषाणू मेलाय, हे कुणी तपासलं?

कोल्हापूर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला विषाणूंवर पीएच.डी. करायची म्हणतेस, छान वाटलं. पण पत्रातला अर्धा मजकूर त्या हवा भरलेल्या सूटबद्दलच आहे. पाषाणच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या बीएसएल-४ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत, तो लागतो, खरं. तुझी पहिली वर्षं मात्र साध्या सुरक्षेच्या बीएसएल-२ मध्ये पेशी वाढवण्यात आणि वाफेनं जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हपाशी ताटकळण्यात जातील. जपायचं तिथंच, कारण तिथं कुणाला भीती वाटत नाही.

तुझी आई परवा शाहूपुरीत भेटली. "सर, ते तिथनं बाहेर आलं तर वो?" म्हणाली. मी तिला उगाच धीर दिला नाही.

सार्स या श्वसनाच्या रोगाची साथ 2003 च्या जुलैत आटोक्यात आली. सप्टेंबरात सिंगापूरमध्ये एका संशोधक विद्यार्थ्याला सार्स झाला. त्याचं काम होतं वेस्ट नाईल विषाणूवर; त्याच्या नमुन्यात सार्सचा विषाणू मिसळला गेला होता. तो वाचला. 2004 मध्ये बीजिंगच्या विषाणू संस्थेतल्या विद्यार्थिनीला लागण झाली. जिवंत सार्स विषाणू तिनं हाताळलाच नव्हता. निष्क्रिय केला म्हणून बाहेर आणलेला विषाणू पुरता मेला नव्हता, असा ठपका पुढं आला. ती रेल्वेनं आन्हुई प्रांतात घरी गेली. तिची आई डॉक्टर. मुलीची शुश्रूषा करताना तिला लागण झाली आणि ती दगावली. एकूण नऊ जणांना रोग झाला.

दोघंही तुझ्यासारखे शिकणारे होते, आणि आपल्या नळीत जिवंत सार्स आहे याची दोघांनाही कल्पना नव्हती. म्हणून सांगतो, कुणी "हा निष्क्रिय केलेला नमुना आहे" म्हणून कुपी हातात दिली, तर कशानं केला, किती वेळ केला आणि तपासला कुणी, हे विचार. तपासणी म्हणजे तो नमुना व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडातल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) टाकायचा, तीनेक वेळा पुढच्या पेशींवर न्यायचा आणि काही वाढत नाही ना ते बघायचं. प्रोटोकॉलमध्ये छापलेलं असतं, पण त्या बॅचचा निकाल वहीत हवा. गाईडला असं विचारणं आपल्याकडं उद्धटपणात जमा होतं. होऊ दे.

आणि ताप आला तर एसटीत बसून घरी येऊ नकोस. आधी संस्थेत कळव, डॉक्टरला कुठल्या विषाणूवर काम करतेस ते सांग.

फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावरच्या प्रयोगांबद्दल विचारलंस. 2011 मध्ये रॉटरडॅम आणि विस्कॉन्सिनच्या गटांनी एच5एन1 बर्ड फ्लूचा विषाणू बदलून तो फेरेटमध्ये हवेतून पसरेल असा केला. गदारोळ झाला, संशोधकांनी स्वतःच काही काळ हे काम थांबवलं. पुढं 2014 ते 2017 अमेरिकी सरकारनं अशा कामाचा निधी रोखून धरला. कुठल्या बदलांवर नजर ठेवायची ते यातून कळतं, असं समर्थक सांगतात. त्यात तथ्य आहे. तरी निसर्गात नसलेला विषाणू आधी बनवून मग त्याची राखण करत बसणं मला पटत नाही.

त्यापेक्षा आहे त्याचा माग काढ. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्याच या संस्थेनं (तेव्हा ती व्हायरस रिसर्च सेंटर होती) त्यामागचा विषाणू शोधला. गोचिडांतून पसरणारा तोच माकडताप आता सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीकडं आहे. आपल्याला आंबोली घाट उतरायचा अवकाश.

रुजू होण्याआधी तिथल्या जुन्या पोरांसोबत एकदा चहा घे. शेवटचा हातमोजा कधी फाटला, ते कुणाला सांगितलं आणि पुढं काय झालं, ते विचार. "आमच्याकडं असलं काही होतच नाही" म्हणाले, तर दुसरी प्रयोगशाळा बघ. मी चिठ्ठी देतो.

तुझे सर