वजन ठीक, मग कंबर का खटकते?

प्रश्न : माझे वय 47, उंची 168 सेंटिमीटर आणि वजन 64 किलो आहे. बॉडी मास इंडेक्स 22.7 आल्याने वजन योग्य असल्याचे मला सांगण्यात आले होते. परंतु अलीकडच्या तपासणीत कमरेचा घेर 93 सेंटिमीटर भरला आणि तो जास्त असल्याची नोंद झाली. मी 34 इंची पँट वापरतो, म्हणजे घेर 86 सेंटिमीटरच्या आसपास असायला हवा. यातले खरे काय मानावे?

उत्तर : पँटचा आकडा आधी बाजूला ठेवू या. पोट सुटले की माणूस पँट पोटाच्या खाली बांधू लागतो, त्यामुळे पोट पुढे येत गेले तरी पँटचे माप वर्षानुवर्षे तेच राहू शकते.

बॉडी मास इंडेक्सचे मूळ सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले, तेव्हा त्यांना कुणा एकाच्या प्रकृतीचे निदान करायचे नव्हते, तर ‘सरासरी माणूस’ अभ्यासायचा होता. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून चरबी किती आणि स्नायू किती हे कळत नाही. चरबी कुठे आहे हे तर नाहीच नाही. धोका मात्र बराचसा या जागेवर अवलंबून असतो. मांड्या-नितंबांवर त्वचेखाली साठणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. याउलट आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात, इन्शुलिनला शरीर नीट दाद देईनासे होते, आणि रक्तातली साखर व ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढू लागतात.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा धरली जाते. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा त्याहून सोपा हिशेब. आपला घेर उंचीच्या 0.55 पट आहे. त्यामुळे ती नोंद मी गंभीरपणे घेईन आणि रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) तपासून घ्यायला सांगेन.

त्याआधी माप एकदा पुन्हा घ्यावे, कारण निम्मा गोंधळ टेप कुठे लावला यातूनच होतो. कुशीत हाताने चाचपल्यावर लागणारी शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोहोंच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर ठेवावा. पाठीमागे तो हमखास खाली घसरतो, तेव्हा आरशात पाहावे. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचावा. टेप त्वचेला टेकलेला असावा, पण रुतलेला नसावा. आणि पोट आत ओढण्याचा मोह टाळावा (तो सगळ्यांनाच होतो).

प्रश्न : माझी कंबर 74 आणि नितंबांचा घेर 104 सेंटिमीटर आहे, उंची 158. खालचा भाग जड असल्याने मला काळजी वाटते.

उत्तर : आपले कंबर-नितंब गुणोत्तर 0.71 येते, स्त्रियांमध्ये ते 0.85 किंवा त्याहून अधिक असल्यास धोका वाढलेला मानतात. कंबरही उंचीच्या निम्म्याहून कमी आहे. या मापांत तरी काळजीचे कारण दिसत नाही. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे साठू लागण्याची प्रवृत्ती असते, म्हणून त्या काळात कंबर दर काही महिन्यांनी, त्याच जागी टेप लावून, मोजत राहावी. गरोदरपणात मात्र ही मापे लागू पडत नाहीत.